मुक्ती द्यायला आले आणि मालक झाले : १८९८ची अमेरिका

दर्याफिरस्ता

डिसेंबर २०१८. आमचं जहाज सिंगापूरबाहेर नांगर टाकून उभं होतं. मी तेव्हा सेकंड इंजिनिअर. रात्री काम आटोपून मेसमध्ये चहाला आलो, तर आमचा फिटर मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून बसलेला आणि त्याच्या पाठीमागे सगळे फिलिपिनो खलाशी दाटीवाटीने उभे. पडद्यावर एका लष्करी विमानातून तीन जुन्या घंटा उतरवत होते. नेट अडकायचं, चित्र थांबायचं, पण कोणी जागचं हललं नाही. हा फिटर पन्नाशीचा गडी, पान्याखाली बोट चेपलं तरी हूं की चूं न करणारा. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "सर, या बालांगिगाच्या चर्चच्या घंटा. आमच्या सामार बेटावरच्या. १९०१ साली अमेरिकन सैनिक घेऊन गेले होते. आज परत आल्या."

फिलिपीन्सवर कधीकाळी अमेरिकेचं राज्य होतं, इतकंच मला तोवर माहीत होतं. ते आलं कसं, याचा कधी विचारच केला नव्हता. त्यानंतर गेली काही वर्षं मिळेल ते वाचत आलो. त्यातून मनात जे पक्कं झालं ते इथे मांडतो.

१८९८च्या एप्रिलमध्ये स्पेनविरुद्ध लढाईला उभं राहतानाच अमेरिकी काँग्रेसने ठरावात लिहून दिलं होतं की क्यूबावर ताबा मिळवण्याचा आमचा इरादा नाही, बेट शांत झालं की कारभार तिथल्या लोकांच्या हाती सोपवू. सिनेटर टेलर यांची ही दुरुस्ती. साध्या अमेरिकी माणसाच्या मनात क्यूबाबद्दल खरीखुरी कणव होती असं मला वाटतं. स्पॅनिश जनरल वेलरने खेड्यापाड्यांतली माणसं उठवून बंदोबस्तातल्या गावांत कोंडली होती, आणि तिथे भुकेने व रोगराईने लाखाहून जास्त जीव गेले होते.

त्यातच १५ फेब्रुवारीला हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली. अडीचशेच्या वर खलाशी गेले. नौदलाच्या चौकशीने पाणसुरुंगावर बोट ठेवलं, वृत्तपत्रांनी थेट स्पेनवर. १९७६ साली अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी पुन्हा तपास करवला, तेव्हा निष्कर्ष निघाला की बहुधा कोळशाच्या कोठीतल्या आगीने शेजारचा दारूगोळा पेटला. मला हे लगेच पटलं. कोळसा आतल्या आत तापतो. वर काही दिसत नाही, पत्र्याला हात लावावा तर चटका बसतो. आम्ही कोळसा नेताना होल्डचं तापमान आणि वायू रोज मोजायचो, कारण एकदा धुमसायला लागला की तो बाहेरून विझत नाही.

लढाई तीन-साडेतीन महिन्यांत संपली. माझा मुद्दा लढाईचा नाही. ज्यांच्या मुक्तीसाठी हे सगळं चाललंय असं सांगितलं गेलं, त्यांना जुलै ते डिसेंबर या पाच महिन्यांत तीनदा दाराबाहेर उभं केलं.

पहिल्यांदा क्यूबातल्या सांतियागो शहरात. जुलैमध्ये स्पॅनिश सैन्य शरण आलं. कालिक्स्तो गार्सिया हा क्यूबन सेनापती स्पेनशी १८६८पासून लढत आलेला. त्याच्या माणसांनी अमेरिकी फौजेला किनाऱ्यावर उतरायला मदत केली होती. पण शरणागतीच्या वेळी त्यांना शहरात येऊ दिलं नाही, आणि शहरातले स्पॅनिश अधिकारी होते तसेच खुर्चीवर ठेवले. गार्सियाने निषेधाचं पत्र लिहिलं.

दुसऱ्यांदा मनिलात. १ मे रोजी अमेरिकी आरमाराच्या कमोडोर ड्यूईने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं, पण जमिनीवर लढायला त्याच्याकडे सैन्य नव्हतं. त्याच महिन्यात हाँगकाँगला परागंदा असलेल्या एमिलिओ आगिनाल्दो या फिलिपिनो क्रांतिकारकांच्या पुढाऱ्याला अमेरिकी जहाजातून परत आणलं. आगिनाल्दोच्या लोकांनी बघता बघता मुलूख मोकळा केला, मनिलाला वेढा घातला, १२ जूनला कावीते प्रांतात स्वातंत्र्य जाहीर केलं. मग अमेरिकी पलटणी येऊन पोहोचल्या. बेल्जियमच्या वकिलाला मध्ये घालून ड्यूईने स्पॅनिश गव्हर्नरशी बोलणी केली आणि ठरलं की लढाईचा देखावा करायचा, थोड्या तोफा उडवायच्या, मग पांढरं निशाण लावायचं. अट एकच : फिलिपिनोंना तटाच्या आत घ्यायचं नाही. १३ ऑगस्टला हे घडलं. आदल्याच दिवशी वॉशिंग्टनला युद्धविरामावर सह्या झाल्या होत्या, पण समुद्राखालची तार ड्यूईनेच तोडलेली असल्याने मनिलाला बातमी पोहोचली नव्हती.

तिसऱ्यांदा पॅरिसमध्ये. तहाची बोलणी स्पेन आणि अमेरिकेत. आगिनाल्दोचा वकील फेलिपे आगोन्सिल्यो आधी वॉशिंग्टनला गेला, मग पॅरिसला. कोणीही त्याला बैठकीत घेतलं नाही. १० डिसेंबर १८९८च्या तहाने फिलिपीन्स बेटं अमेरिकेला मिळाली, बदल्यात स्पेनला दोन कोटी डॉलर. पोर्तो रिको आणि ग्वाम वेगळे. हवाई बेटं तर त्याच जुलैमध्ये काँग्रेसच्या साध्या ठरावाने खिशात घातली होती, हवाईच्या एकवीस हजारांवर लोकांनी सह्या करून विरोध कळवला असतानाही.

अमेरिकी साम्राज्य म्हटलं की आपण व्हिएतनाम आणि इराकपासून सुरुवात करतो. मला वाटतं खरी कूस इथे बदलली, आणि ती मुक्तीच्या भाषेत बदलली. तुमची मतं वाचायला आवडेल.

---

सह्यकडा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

क्यूबाचं पुढे काय झालं ते जोडतो, कारण मराठी वाचकाला ते चटकन कळेल. टेलर दुरुस्तीमुळे क्यूबा गिळता येईना. म्हणून १९०१मध्ये प्लॅट दुरुस्ती आणली. तिची कलमं वाचताना मला सारखा वसईचा तह आठवत होता. स्वातंत्र्याला बाध येईल असा करार क्यूबाने परक्या सत्तेशी करायचा नाही. झेपेल त्यापलीकडे कर्ज काढायचं नाही. गरज वाटली तर अमेरिकेने हस्तक्षेप करायचा, तो हक्क क्यूबाने मान्य करायचा. आणि नौदलासाठी जागा द्यायची. ही तैनाती फौजच आहे! गादीवर राजा आपला, निशाण आपलं, पण इतरांशी बोलायचं तर साहेबाला विचारून.

फरक आहे तो मात्र सांगायला हवा. दुसरा बाजीराव होळकरांपुढून पळून स्वतःच्या पायांनी इंग्रजांकडे गेला होता. क्यूबाच्या घटना समितीवर कोणतंही घरचं संकट नव्हतं. तिला सांगण्यात आलं की ही कलमं घटनेत घातल्याशिवाय फौज हलणार नाही. समितीने आढेवेढे घेतले, शिष्टमंडळ वॉशिंग्टनला धाडलं, शेवटी १६ विरुद्ध ११ मतांनी मान तुकवली. त्यातूनच १९०३ साली ग्वांतानामोचा भाडेपट्टा झाला, वर्षाला दोन हजार डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. पुढे १९३४च्या कराराने प्लॅट दुरुस्ती गेली, पण पट्टा राहिला, आणि दोन्ही पक्ष कबूल होईपर्यंत तो संपणार नाही असं लिहून ठेवलं. भाड्याचा धनादेश येत राहिला. कास्त्रो सरकारने १९५९चा एक तेवढा वटवला, नंतरचे नाही.

---

चौकस

दर्याफिरस्ता, लेख मनापासून लिहिलाय हे दिसतं, पण दुसरी बाजू पार सुटली आहे.

१९०१च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' या जहाजातून पाचेकशे अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. खेड्यापाड्यांत गेले, पटकीत काही मेले. सर्वांसाठी मोफत प्राथमिक शाळा हे फिलिपीन्सला स्पॅनिश काळात नीट मिळालंच नव्हतं. १९०७मध्ये निवडून आलेली विधानसभा बसली. आपल्याकडे त्या वेळी काय होतं? मोर्ले-मिंटो सुधारणा १९०९च्या, आणि त्यांत मत देणारे मूठभर. १९१६ला कायद्याने स्वातंत्र्याचं वचन, १९३४ला दहा वर्षांची मुदत, आणि मध्ये जपानी आक्रमण येऊनही ४ जुलै १९४६ला स्वातंत्र्य दिलं. डचांनी इंडोनेशियात, फ्रेंचांनी अल्जीरियात काय केलं ते आठवा. साम्राज्य वाईटच, पण सगळी साम्राज्यं एका मापाने मोजू नयेत.

तुमच्या फिटरलाच विचारा, मुलाला अमेरिकेत पाठवायची संधी आली तर नाही म्हणेल का?

---

मोगरा

मी न्यू जर्सीत राहते. शेजारी पोर्तो रिकोचं एक कुटुंब आहे. ओळख झाली तेव्हा मी अगदी सहज त्या काकूंना विचारलं, "तुम्हाला इथलं नागरिकत्व कधी मिळालं?" त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "माझ्या आजीला मिळालं, १९१७ साली. मी जन्मतःच अमेरिकन आहे." मला फार ओशाळल्यासारखं झालं. एवढी वर्षं या देशात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

नंतर शोधत गेले तेव्हा संत्र्यांचा खटला सापडला. नोव्हेंबर १९००मध्ये एका व्यापारी पेढीने सान हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आणली. कस्टमने जकात लावली, ६५९ डॉलर आणि ३५ सेंट. पेढी म्हणाली, पोर्तो रिको आता अमेरिका आहे, मग देशातल्या देशात जकात कसली? सर्वोच्च न्यायालयाने १९०१मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी जकात योग्य ठरवली. एका न्यायमूर्तींनी लिहिलं की पोर्तो रिको बाहेरच्या जगाच्या दृष्टीने परदेश नाही, पण घरच्या अर्थाने अमेरिकेला परकाच आहे. अमेरिकेचा आहे, पण अमेरिकेचा भाग नाही.

संत्र्यांच्या पेट्यांवरून लाखो माणसांचं नशीब ठरलं. आजही बेटावर राहणाऱ्याला अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. तोच माणूस माझ्या गल्लीत राहायला आला की मत आहे. चौकस, शाळा बांधल्या हे खरंच. पण "तू आमचा आहेस का?" याचं सरळ उत्तर सव्वाशे वर्षं न देणं, हे कोणत्या मापाने मोजायचं?

---

जुनी वही

इथे लोकमान्यांची आठवण काढायलाच हवी.

१९१८च्या अखेरीस टिळक लंडनमध्ये होते, इंग्रज पत्रकार चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी. डिसेंबरच्या दिल्ली काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून त्यांचं नाव ठरवलं. सरकारने पॅरिसला जायची परवानगी दिली नाही. मग त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना पत्र लिहिलं, कारण राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषा तेव्हा विल्सन यांच्या तोंडी होती आणि आपल्याकडे तिच्यावर मोठी आशा लागली होती. विल्सनच्या खासगी सचिवाचं सौजन्याचं उत्तर आलं. पुढे काही नाही.

त्याच महिन्यांत हैतीत काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. विल्सनच्याच काळात, डिसेंबर १९१४मध्ये, मरीन सैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून बोटीने न्यूयॉर्कला नेलं. पुढच्या जुलैमध्ये देशच ताब्यात घेतला, तो १९३४पर्यंत. परक्याला हैतीची जमीन विकत घेता येणार नाही, हा नियम तिथल्या गुलामांनी १८०४ला स्वातंत्र्य मिळवल्यापासून जपलेला. १९१८च्या नव्या घटनेत तो काढून टाकला. रस्ते बांधायला शेतकऱ्यांना दोर लावून वेठीला धरलं. त्यातून बंड उठलं, शार्लमाञ पेराल्ट त्याचा पुढारी. १९१९च्या शरदात तोंडाला काळं फासून मरीन त्याच्या तळात शिरले आणि त्याला गोळी घातली. प्रेत एका दाराच्या फळीला बांधून उभं केलं, फोटो काढला, आणि लोकांना जरब बसावी म्हणून त्याच्या प्रती गावोगाव टाकल्या.

तो फोटो मी पाहिलाय. कमरेला कापड, मान एका बाजूला कललेली, हात सैल, डोक्यामागे निशाणाचं कापड. हैतीच्या लोकांना त्यात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला. घाबरवण्यासाठी वाटलेलं चित्र त्यांनी घरात जपून ठेवलं.

लोकमान्य पत्र लिहीत होते ते या सरकारला. त्यांना दोष देत नाही, जगाला हैतीची खबरच नव्हती. पण हे वाचल्यापासून ती आशा आठवली की मला त्रास होतो.

---

अबोली

अमेरिकेत याला विरोध झाला नाही का? की सगळे खूश होते?

एक जोड देते. गोऱ्या माणसाच्या ओझ्याची किपलिंगची कविता आपण भारताशी जोडतो, पण ती १८९९च्या फेब्रुवारीत छापून आली ती अमेरिकेला उद्देशून, फिलिपीन्स घ्या म्हणून. किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत, जे.जे. कलाशाळेच्या आवारात.

---

दर्याफिरस्ता

सर्वांचे आभार. पाचही प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठे आहेत.

अबोली, विरोध झाला, आणि जोरात झाला. १८९८मध्ये बॉस्टनला साम्राज्यविरोधी संघ उभा राहिला. माजी अध्यक्ष क्लीव्हलँड, मार्क ट्वेन, जेन अ‍ॅडम्स, विल्यम जेम्स अशी माणसं त्यात होती. पोलादवाला कार्नेगी तर म्हणाला, दोन कोटी डॉलर मी भरतो, फिलिपीन्सला मोकळं करा. सिनेटमध्ये तह मंजूर झाला तो ५७ विरुद्ध २७ असा, दोन-तृतीयांशाच्या वर फक्त एक मत. पण एक कटू गोष्ट सांगायला हवी. विरोध करणाऱ्यांतले कित्येक, विशेषतः दक्षिणेकडचे, न्यायासाठी विरोधात नव्हते. काळीसावळी माणसं आपल्या देशात यायला नकोत म्हणून होते. दोन्ही बाजूंनी फिलिपिनो माणूस कोणालाच समोर बसवायचा नव्हता.

चौकस, शाळांबद्दल तुमचं म्हणणं मान्य, १९०७च्या विधानसभेबद्दलही. ते मी लिहायला हवं होतं. पण शाळांच्या आधी काय झालं ते पाहा. १८९९ला अमेरिका आणि फिलिपिनो यांच्यातच युद्ध पेटलं. त्यातल्या मृतांचा अंदाज अमेरिकी सरकारच आज असा देतं : ४,२०० अमेरिकी, २०,०००हून अधिक फिलिपिनो लढवय्ये, आणि हिंसा, दुष्काळ, रोगराई यांनी दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं. बातांगास प्रांतात जनरल बेलने १९०१-०२ला लोकांना ठरावीक हद्दीत कोंडलं, बाहेरचं धान्य-गुरं नष्ट केली. म्हणजे वेलरने क्यूबात केलं तेच. ज्यासाठी स्पेनवर शस्त्र उचललं तेच, चार वर्षांत. पाणी पाजून पोट फुगवायचं आणि मग दाबायचं, या छळाची साक्ष खुद्द अमेरिकी सैनिकांनी १९०२ला सिनेटच्या समितीपुढे दिली.

घंटांचं राहिलंच. बालांगिगात अमेरिकेच्या नवव्या पायदळाची तुकडी होती. गावातल्या पुरुषांना पकडून तंबूंत कोंडत, साफसफाई करून घेत, घरातले कोयते आणि भात जप्त करत. २८ सप्टेंबर १९०१ला सकाळी सैनिक न्याहारीला बसले असताना घंटा वाजली आणि गावकरी कोयते घेऊन तुटून पडले. ४८ सैनिक मेले. जेवताना कापलेली ती पोरंही कोणाची तरी होती, हे मी नाकारत नाही. पण त्यावर जनरल जेकब स्मिथने हुकूम दिला की शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारा, आणि वय विचारल्यावर सांगितलं, दहा वर्षं. दहा! त्याचं कोर्ट मार्शल झालं. शिक्षा काय, तर समज देऊन निवृत्त केलं.

घंटा सैनिकांनी नेल्या. दोन वायोमिंगच्या लष्करी तळावर राहिल्या, एक त्या पलटणीबरोबर शेवटी दक्षिण कोरियात. चर्चची घंटा ही गावाची असते, लग्नाला वाजते, मर्तिकाला वाजते. ११७ वर्षं गावाने मर्तिकं तिच्याविना केली.

आणि फिटरचं म्हणाल तर, हो, त्याचा मुलगा अमेरिकेत नर्स आहे. तो मुलाचा फोटो अभिमानाने दाखवायचा आणि त्याच मोबाइलवर घंटा बघून रडला. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

---

चौकस

बातांगासचं माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं "एका मापाने मोजू नये" हे वाक्य मी अजून सोडत नाही, पण त्याचा सूर चुकला होता. फिटरबद्दलचं विचारणं मागे घेतो, तसं लिहायला नको होतं.

---

नवखा_वाचक

एक शंका. फिलिपिनो-अमेरिकी लढाई ४ फेब्रुवारी १८९९ला सुरू झाली असं वाचलं, आणि सिनेटने तह मंजूर केला तो ६ फेब्रुवारीला. मग ४ तारखेला बेटं अजून कायद्याने अमेरिकेची नव्हतीच ना? सैनिक कोणत्या हक्काने तिथे उभे होते?

---

दर्याफिरस्ता

बरोबर पकडलंत. युद्धविरामाच्या मसुद्यानुसार तह होईपर्यंत अमेरिकेने फक्त मनिला शहर, बंदर आणि उपसागर ताब्यात ठेवायचा होता. बाहेर चहूबाजूंनी आगिनाल्दोचे खंदक. पण २१ डिसेंबरलाच, म्हणजे मंजुरीच्या दीड महिना आधी, अध्यक्ष मॅकिन्ले यांनी फर्मान काढलं की सगळ्या बेटांवर अमेरिकेची सत्ता लागू होते, आणि आमचा हेतू परोपकारी आहे, सामावून घेण्याचा आहे.

मनिलातला जनरल ओटिस हे वाचून सावध झाला. लोक भडकतील हे त्याला कळत होतं. त्याने फर्मानातले सत्तेचे शब्द काढले, मऊ मजकूर घातला आणि ती प्रत फिलिपिनोंसाठी छापली. पण मूळ फर्मानाची एक प्रत दुसऱ्या बेटावरच्या इलोइलो बंदराकडे गेलेल्या जनरल मिलरकडे पोहोचली होती. त्याला बदलाची कल्पना नव्हती. त्याने ते जसंच्या तसं प्रसिद्ध केलं. मग दोन्ही प्रती लोकांच्या हातात आल्या, आणि त्यांनी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. ५ जानेवारीला आगिनाल्दोने स्वतःचं निषेधाचं पत्रक काढलं. पहिली गोळी त्यानंतर महिन्याभरात, मनिलाच्या कडेला सांता मेसाजवळ, रात्री गस्तीवरच्या एका नेब्रास्काच्या शिपायाने झाडली.